‘चंद्राचा टेम्पो’, भाग चौथा, घरी मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
सुबोध सार्वजनिक वाचनालय,
लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे.

अर्जदार : कोंडाजी भिकाजी केदारी, वय ७१, धंदा शेती, विकास सोसायटीचे माजी सचिव, रा. भाजे, ता. मावळ.

विषय : प्रौढ सभासदांस चित्रकथा न देण्याचा आदेश मागे घेऊन ‘चंद्राचा टेम्पो’ या पुस्तकाचा चौथा भाग अर्जदारास घरी वाचण्यास देण्याबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचा दि. ९ जून २०२५ चा तक्रार अर्ज (जो अर्जदार याद्वारे बिनशर्त मागे घेत आहे).
२) आपला दि. ४ ऑगस्ट २०२५ चा आदेश, जो जिन्याजवळच्या फळ्यावर चिकटवलेला आहे.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्या वाचनालयाचा जुना सभासद असून दर सोमवारी मळवलीहून लोकलने येऊन पुस्तक बदलून नेतो. शनिवार-रविवारी तो घराबाहेर पडत नाही, कारण त्या दोन दिवशी धबधबा पाहायला आलेल्या मोटारी भाज्याच्या रस्त्यात अशा अडकून पडतात की गावच्या माणसाला स्वतःच्या दारातून निघायचे तरी पाहुण्यांची परवानगी काढावी लागेल. अर्जदाराने आजवर आपल्याकडील इतिहास आणि चरित्रे ही दोन कपाटे संपवलेली आहेत. गावच्या देवळातले श्रावणातले पोथीवाचनही गेली तीसेक वर्षे त्याच्याकडेच आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच, की सदर अर्ज एखाद्या पोरकट माणसाचा समजून आपण तो बाजूला सारू नये. अर्ज न वाचताच बाजूला सारण्याची आपल्याकडे पद्धत आहे असे ऐकिवात आहे, म्हणून लिहिले.

२. मे महिन्याच्या अखेरीस अर्जदाराने किल्ल्यांवरील एक ग्रंथ मागितला होता. आपल्याकडची सगळी पुस्तके एकाच बांधणीवाल्याकडून एकाच चॉकलेटी पुठ्ठ्यात बांधून घेतलेली असल्याने बाहेरून चरित्र कोणते आणि लोणच्यांची कृती कोणती हे कळायला मार्ग नाही. आत उघडून पाहण्याची तसदी आपले कर्मचारी घेत नाहीत. परिणामी किल्ल्यांऐवजी ‘चंद्राचा टेम्पो’, भाग पहिला, अर्जदाराच्या पिशवीत आला. घरी येऊन उघडतो तो काय, आत चित्रे! पानोपानी चौकटी, चौकटीत माणसे, माणसांच्या डोक्यावर फुगे आणि फुग्यांत मजकूर. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे दिले म्हणून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. परंतु परत करायला पुढचा सोमवार उजाडायचा होता आणि घरात दुसरे वाचायला काही नव्हते. शिवाय अर्जदाराची पत्नी बयाबाई, जी जन्मात कधी पुस्तकाच्या वाटेला गेली नाही, ती गॅसवरचे दूध तसेच सोडून चित्रे बघायला येऊन बसली. ‘वाचा की वो, ही बाई टेम्पो हाकतीया,’ असे म्हणाली. म्हणून अर्जदार वाचू लागला. दूध उतू गेले.

३. येथे वाचनपद्धतीचा खुलासा करणे आवश्यक आहे. पोथीचे पान आडवे असते. ओळ डावीकडून निघाली की थेट उजव्या टोकाला जाते. हाताला तीच सवय असल्याने अर्जदाराने पुस्तक मांडीवर पसरून दोन्ही पानांवरची वरची रांग सलग वाचली, मग खालची, मग त्याखालची. त्यामुळे झाले असे, की चंद्रा नावाची बाई भाजीचा टेम्पो घेऊन घाटाला लागली, लगेच टेम्पो दरीत गेला आणि लगेच ती पंपावर डिझेल भरत उभी राहिली. तिचा भाऊ हरवला, हरवल्यावर त्याने चहा मागवला आणि चहा पिऊन तो पुन्हा हरवला. पोलीस पाटलाने आधी डोळे पुसले आणि मग बातमी ऐकली. बयाबाईची अडचण निराळीच होती. तिला प्रत्येक चौकटीतली चंद्रा वेगळी बाई वाटत होती. ‘येवड्या समद्या जणी येका टेम्पोत मावल्या कशा?’ असा तिचा प्रश्न होता. तरीही दोघांनी ते पुस्तक तसेच शेवटपर्यंत नेले. ते लिहिणाऱ्याच्या, काढणाऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या अकलेची अर्जदाराने मोकळ्या मनाने कीव केली.

४. संदर्भ क्र. १ चा अर्ज हे त्या वाचनाचे फळ होय. सदर पुस्तकातील घटनांना आगापिछा नाही, चित्रांची पुस्तके ही पोरांना गप्प बसवण्याची साधने आहेत, ती जाणत्या माणसाच्या हाती देणे हा त्याचा अपमान आहे, सबब ती प्रौढ विभागातून तत्काळ हलवावीत, असे अर्जदाराने त्यात लिहिले होते. मराठी ठसठशीत होती. मात्र तो अर्ज देताना त्यावर काही होईल अशी अर्जदाराची पुसटशीही अपेक्षा नव्हती. त्याने यापूर्वी पंखा खडखडतो म्हणून, पिण्याच्या पाण्याच्या पिंपात पाल पडली म्हणून, जिन्याला कठडा नाही म्हणून वेळोवेळी अर्ज दिलेले आहेत. पंखा खडखडतोच आहे. पाल आता वारली असावी. कठडा नाही. असे असताना इतक्या वर्षांत नेमका हाच एक अर्ज आपण कसा वाचला आणि अमलात कसा आणला, याचा खुलासा व्हावा. कारण तो सोडून बाकीचे सगळे अर्ज बरोबर होते.

५. अर्ज दिला त्या दिवशी अर्जदाराने पुस्तक परत केले नाही, पुरावा म्हणून जवळ ठेवले. संध्याकाळी बयाबाई ते घेऊन एकटीच ओट्यावर बसली आणि थोड्या वेळाने तिने अर्जदाराला हाक मारली. ‘आवं, हितं हिच्या हातात बांगड्या हायेत आन् शेजारच्या चित्रात न्हाईत. मदलं तुमी खाल्लंय.’ अर्जदाराने तिला सुनावले की वाचायचे कसे हे त्याला शिकवू नये. त्यावर तिने उजव्या पानावर आपला पंजा सपाट ठेवून ते झाकले आणि म्हणाली, ‘आता वाचा.’ अर्जदाराने डावे पान वरपासून खालपर्यंत वाचले. मग तिने पंजा डाव्या पानावर ठेवला. टेम्पो ज्या जागी कोसळायचा त्याच जागी कोसळला आणि बांगड्याही तिथेच फुटल्या. मग अर्जदारानेही तिला समजावले, की ह्या सगळ्या जणी म्हणजे एकच चंद्रा आहे, चौकट बदलली की वेळ पुढे सरकते. ‘मंग तसं सांगायचं की आदी,’ असे ती म्हणाली. त्या दिवशी दोघांनी पहिला भाग पहिल्यापासून पुन्हा वाचला. दुसऱ्या सोमवारी अर्जदार दुसरा भाग घेऊन गेला. संदर्भ क्र. १ चा अर्ज मागे घ्यायचे त्याच्या मनातही आले नाही, कारण आपली कार्यक्षमता त्याला ठाऊक होती.

६. दुसऱ्या भागात एक अख्खे पान बिनशब्दाचे आहे. अर्जदाराने ते कोरे धरून उलटले. बयाबाईने त्याचा हात धरला आणि पान मागे घेतले. त्या पानावर चंद्रा भावाची चप्पल हातात घेऊन नदीच्या काठावर बसली आहे, एवढेच आहे. बयाबाई ते पान किती तरी वेळ सांगत राहिली. सांगता सांगता ती आंबीला गेली, म्हणजे तिच्या माहेरी, आणि तिचा धाकटा भाऊ गोरख घरातून कसा निघून गेला, तिच्या आईने वर्षभर त्याचे ताट कसे वाढून ठेवले, हे सगळे तिने सांगितले. अर्जदाराला गोरख नावाचा एक मेहुणा होता आणि तो परागंदा झाला, एवढे माहीत होते. ताटाचे माहीत नव्हते. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाल्यावर ते त्याला कळले, आणि तेही ज्याला आपण पोरांचे पुस्तक म्हणता त्याच्यामुळे कळले.

७. आता मूळ मुद्दा. अर्जदाराचा मुलगा आणि सून अनघा हे वराळ्याला फ्लॅटमध्ये राहतात. भाज्याच्या घरात नवराबायको दोघेच. दोघांत भांडण नाही. पण बोलणेही नव्हते. ‘जेवता का’, ‘वाढ’, ‘लाइट गेली’, ‘येईल’, एवढ्यावर अख्खा दिवस निघायचा आणि अर्जदार त्यालाच सुखाचा संसार समजत होता. चित्रकथा एकट्याने वाचता येत असेल, पण ह्या घरात ती येत नाही. अक्षरे एकाला कळतात आणि चेहरे दुसरीला. फुग्यात काय लिहिले आहे ते अर्जदार सांगतो, आणि ते खरे की लबाडीचे हे बयाबाई सांगते. जून आणि जुलै हे दोन महिने त्या घरात जेवढे बोलणे झाले तेवढे आधीच्या दहा वर्षांत झाले नसेल. शेजारच्या आक्काबाईंनी तर काळजीने विचारले की काही बिनसले आहे काय.

८. तिसऱ्या भागाच्या शेवटी चंद्रा एका घराच्या दाराशी पोचते आणि कडीला हात घालते. आत तिचा भाऊ आहे की नाही हे चौथ्या भागात आहे. चौथा भाग आणायला अर्जदार आला तो फळ्यावर आपला आदेश! ‘एका ज्येष्ठ व विचारवंत सभासदाच्या सूचनेचा आदर करून’ चित्रांची पुस्तके बालविभागात हलवण्यात आली असून बारा वर्षांवरील सभासदास ती दिली जाणार नाहीत, कारण त्यामुळे ‘वाचनालयाच्या दर्जास बाध येतो’. अर्जदाराला आजवर कोणी विचारवंत म्हटले नव्हते. म्हटले ते असे नेमके अंगाशी येईल तेव्हा. राहता राहिला दर्जा. आपल्या जाड ग्रंथांच्या शेवटच्या पानापर्यंत अर्जदाराखेरीज पोचलेला जीव म्हणजे फक्त कसर, आणि तिच्याकडे सभासदत्व नाही. वाचनकक्षात रोज जी गर्दी असते ती पेपरातले राशिभविष्य पाहते आणि पंख्याखाली डुलकी काढते. ह्या सगळ्याने ज्या दर्जाला काही होत नाही, तो एका म्हाताऱ्याने पिशवीतून चंद्राचा टेम्पो नेला तर कोसळणार असेल, तर तो आधीच कशावर उभा होता हे पाहावे लागेल.

९. अर्जदाराने आपल्याला समक्ष भेटून विनंती केली असता आपण हसलात. हसून झाल्यावर तीन उपाय सुचवलेत, त्यांची उत्तरे अशी. पुस्तक विकत घ्यावे हा पहिला. सूनबाईंनी पुण्यातली दुकाने आणि मोबाइल दोन्ही पालथी घातली, चौथा भाग संपला आहे, पुन्हा छापणार नाहीत. नातवाच्या नावाने न्यावे हा दुसरा. नातू समर्थ दहा वर्षांचा आहे आणि त्याला टेम्पोत काडीचाही रस नाही. शिवाय बालविभागाच्या नियमाने ‘पुस्तक पाल्यानेच वाचले’ असे आजोबांनी लिहून द्यायचे आहे. उभ्या नोकरीत अर्जदाराने खोट्या मजकुराखाली सही केली नाही, ती आता आपल्या दर्जासाठी करणार नाही. तिसरा उपाय आपण फार मोठेपणाने दिलात, की अर्जदाराने वाचनालयातच, आपल्या खोलीबाहेरच्या टेबलाशी बसून, गुपचूप वाचून घ्यावे.

१०. तो उपाय अर्जदाराने करून पाहिला. गेल्या सोमवारी तो त्या टेबलाशी बसला, चौथा भाग समोर घेतला आणि उघडला. पहिल्याच पानावर एक अक्षर नाही. दार उघडलेले आहे, आत कोणी तरी पाठमोरे बसले आहे आणि चंद्रा उंबऱ्यात उभी आहे. अर्जदार तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिला आनंद झाला, राग आला की ओळखच पटली नाही, हे त्याला काही केल्या सांगता येईना. चष्मा पुसून पाहिले तरी येईना. तेव्हा त्याने पुस्तक मिटले आणि परत केले. घरी आल्यावर बयाबाईने विचारले, ‘घावला का वो तिचा भाऊ?’ अर्जदाराने सांगितले की पाहिले नाही. ‘बरं केलं,’ असे ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. त्यानंतर पुन्हा जेवता का, आणि लाइट गेली.

११. सबब विनंती, की संदर्भ क्र. २ चा आदेश रद्द करावा. तसे करणे आपल्या मानास कमीपणाचे वाटत असेल तर आदेश खुशाल फळ्यावर राहू द्यावा आणि चौथा भाग एक आठवडा अर्जदारास घरी द्यावा. तेही होत नसेल तर बयाबाईस, ती सभासद नसताही, येत्या सोमवारी त्या टेबलाशी अर्जदाराच्या शेजारी एक खुर्ची द्यावी. त्या टेबलावर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, ती तेवढ्या वेळेपुरती उचलून ठेवावी. बयाबाई मोठ्याने बोलते, आणि तिला कोणी मधे थांबवू नये. शांतता घरी भरपूर आहे.

आपला, निदान ह्या एका कामापुरता खरोखर नम्र,

(सही)
कोंडाजी भिकाजी केदारी
भाजे, दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत : दि. ९ जूनच्या तक्रार अर्जाची स्थळप्रत, आडवी रेघ मारून.