वरून घातलेली ओळ

प्रिय उतावळ्या,

काल तुझी ताई बाजारात भेटली. म्हणाली, तू बदलीच्या गावीच कायमचा राहायचं ठरवलंयस, महिनाअखेरीस तिथल्या करारावर सहीसुद्धा करणार आहेस. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत 'अरे वा, छान' म्हटलं आणि घरी येऊन भाजी निवडताना देठं पातेल्यात नि पानं कचऱ्यात टाकली. तू गेल्यापासून सणावारी निरोप पाठवावा तसे कोरडे दोन शब्द पाठवतोस, आणि मीही हट्टानं काही विचारलं नाही. ज्याला जाताना धड 'येतो' म्हणवलं नाही, त्याच्या मागे मी का लागू? पण आज लिहितेय, आणि तू शेवटपर्यंत वाचायचंस. मधेच चहाला उठू नकोस.

इकडे ऑफिसात सगळं ठीक. तुझी खुर्ची अजून डुगडुगते, खिडकीजवळचं टेबल मी बळकावलंय. कामही तेच, लशींच्या फ्रिजवर नजर ठेवणारी आपली डबी. फ्रिज तापला की ती बोंब मारते, एवढं आईला समजतं. पण त्यात आम्ही दिवसभर काय करत बसतो ते तिच्या डोक्यावरून जातं. परवा तिला स्वयंपाकाच्या भाषेत सांगितलं. डबी जागी झाली की तिला लागणारं सगळं, म्हणजे प्रोग्राम, फोल्डर, सेटिंग, आधीच एका गठ्ठ्यात भरून द्यावं लागतं. त्या गठ्ठ्याला आम्ही इमेज म्हणतो. काय भरायचं त्याची कृती लिहून ठेवायची, कॉम्प्युटर त्याबरहुकूम एका फोल्डरात, म्हणजे आमच्या पातेल्यात, सगळं शिजवतो, आणि मग गठ्ठा बांधतो. आपल्या हातची एखादी फाइल घालायची असेल तर ती ओव्हरले नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवायची, म्हणजे दर वेळी आपोआप पडते. आईनं विचारलं, मग यात तुम्ही दोघं भांडायचात कशावरून? मी म्हटलं, तो मेला कृतीत काही लिहायचाच नाही, थेट पातेल्यात वरून मीठ टाकायचा.

खोटं आहे का सांग. 'आत्ता चालतंय ना, मग झालं,' हे तुझं पालुपद. आणि मी पातेलं लख्ख घासून पहिल्यापासून शिजवायला घेतलं की तुझं वरचं मीठ गायब, आणि तुझं तोंड बघण्यासारखं. 'घासूबाई' हे नाव तू तेव्हाच पाडलंस. त्यातून तशाच वरून टाकलेल्या तुझ्या त्या ओळी! डबी सुरू होताना स्क्रीनवर अक्षरं धावायची, आणि सगळ्यात शेवटी तुझा आगाऊपणा: 'उठले हो, चहा टाका.' डबीला केबल लावणाऱ्यालाच ती दिसायची, म्हणजे आपल्या दोघांनाच. मी कावायचे खरी, पण आता सांगून टाकते, ती ओळ वाचायलाच मी सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे.

आणि मग कारखान्यात इमेज पाठवायचा तो दिवस. सकाळीच मी सगळं घासून ठेवलं होतं, ते तुला माहीत होतं. पण दुपारी एक सेटिंग चुकलेलं दिसलं, म्हणून तू जेवायला गेलास तेवढ्यात मी पुन्हा घासलं आणि नवी इमेज बांधली. तू परत आलास तेव्हा माझ्यासमोर डबी सुरू होत होती. तू स्क्रीनकडे पाठ करून बेसिनपाशी कप धूत होतास. स्वच्छ झालेला कप पुन्हा पुन्हा धूत होतास, हे मला आज आठवतंय. तू विचारलंस, "वाचलंस?" मी म्हटलं, "वाचलं की. नेहमीचंच आहे सगळं. पाठवून दे."

तू पाठवून दिलंस आणि संध्याकाळी बदलीचा अर्ज दिलास. माझं काय चुकलं, या विचारानं मी आतल्या आत किती झुरले म्हणून सांगू! शेवटी आईच म्हणाली की जाऊ दे, त्याला मोठी नोकरी हवी असेल. मी मान डोलावली आणि डोळे पुसले.

तर गेल्या आठवड्यात एका दवाखान्यातून एक डबी दुरुस्तीला आली. बोंब मारायची बंद पडली होती. बघते तर आपल्याच कपाटातली, चाचणीची. नमुना म्हणून दाखवायला विक्रीवाल्यांनी कधी उचलून नेली, कोणाला पत्ता नाही. मी केबल लावली. अक्षरं धावली आणि थांबली. शेवटची ओळ होती, 'घासूबाई, लग्न करशील माझ्याशी?'

अरे शहाण्या, आयुष्याचा प्रश्न, आणि तोही वरून मिठासारखा टाकलास? आधी या डबीवर चालवून पाहिलास, नीट दिसतोय याची खात्री केलीस, पण माझ्यापर्यंत पोचला का, ते तोंडानं नाही विचारलंस! मी तो वाचलाच नव्हता रे, मला वाटलं तू धावणाऱ्या अक्षरांबद्दलच विचारतोयस. तुला पत्ताच नसलेल्या दुपारच्या घासण्यात तो धुऊन गेला होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीत उतावळा, आणि नेमक्या याच वेळी 'नेहमीचंच' हा एक शब्द ऐकून गप्प निघून गेलास. खूप हसले मी, आणि मग तिथंच डबीवर डोकं टेकून रडले.

सोबत एक मेमरी कार्ड पाठवतेय. सही करायच्या आधी तुझ्याकडच्या चाचणीच्या डबीत घाल आणि शेवटची ओळ वाच. ती मी ओव्हरलेमध्ये ठेवलीय, कुणी कितीही घासलं तरी जायची नाही. उत्तर फक्त कार्डातच ठेवणार होते, पण एकदा पोळलेय, म्हणून इथंही लिहिते. हो, करीन. तू ये.

तुझीच,
घासूबाई