तांबडीची बदनामी

२ सप्टेंबर १९९१
झालं एकदाचं! पशुपालकांचा सहकारी संघ मोडला. सगळी जनावरं घरोघरी वाटून टाकणार. सभेत चेअरमन म्हणाले, "सरकारी कारभार संपला, आता बाजाराचे दिवस. आजपासून जो तो आपापला!" मागून कोणीतरी विचारलं, "आणि दुकानात पीठ कधी येणार?" ते त्यांना ऐकूच आलं नाही.

मला काळजी एकच — तांबडी. तीस वर्षं मी संघाच्या उंटांच्या कळपातल्या सांडण्या सांभाळते, पण तांबडीची गोष्ट वेगळी. संघ झाला तेव्हा सासूबाईंची सांडणी त्यात घालावी लागली, तिची ही पणती. ती नेली तेव्हा सासूबाई तीन दिवस चहासुद्धा प्यायल्या नव्हत्या. तिकडे राजधानीत, उलानबातरला, लेकीचा कारखाना बंद पडलाय. दोन्ही पोरींना घेऊन ती थंडीआधी माझ्याकडेच येतेय. तांबडी दारात असली तर पोरींना हिवाळाभर दूध. नसली तर?

अक्षर वाकडं आलंय. दोनच हिवाळ्यांची माझी शाळा, तीही लग्नानंतर!

५ सप्टेंबर
चिठ्ठ्या टाकणार म्हणे. ज्याचा नंबर आधी, तो आधी निवडणार. जीव थाऱ्यावर नाही.

६ सप्टेंबर
युक्ती सुचली! नजर लागू नये म्हणून आपण पोरांची नावं वाईट ठेवतोच की. माझ्या धाकट्या भावाचं नाव 'माणूसच नाही'. सत्तरीला टेकला, अजून घोड्यावरून उतरत नाही! मग सांडणीचीही बदनामी केली तर काय बिघडलं?

९ सप्टेंबर
दुकानाच्या रांगेत उभी होते. मेणबत्त्या आणि मीठ, एवढंच आलंय. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तांबडी? लाथा मारते बाई! दूध आटलंय. पिलालाही जवळ घेत नाही."

वळून पाहते तर मागे खंदा! वसंतात पाय मोडून मी महिनाभर दवाखान्यात होते, तेव्हा तांबडीचं दूध शेजारच्या खंदानेच काढलं होतं. माझ्या डोक्यातच राहिलं नाही! आता फुटणार बिंग…

खंदा डोळे बारीक करून म्हणाली, "नुसत्या लाथा? अगं दुल्मा, चावते ती! माझी बाही फाडली."

सुटले! पण घरी येईपर्यंत संताप झाला. माझी तांबडी चावते? मेली खोटारडी!

१४ सप्टेंबर
तांबडीच्या कानात माफी मागितली. ती माझ्या तोंडावर थुंकली. बरोबरच आहे तिचं.

२० सप्टेंबर
आज चिठ्ठ्या. एकोणीस घरं. खंदाला पहिला नंबर, मला एकोणिसावा — सगळ्यांत शेवटचा! टोपीत हात घालणारी मीच, दोष कोणाला देऊ?

खंदा तडक तांबडीकडे गेली. तिने तांबडीच्या मानेवर थाप मारली, दात पाहिले, "अरेरे!" म्हणाली आणि बाजूची पांढरी घेऊन निघाली. मग एकेक जण येई, तांबडीपुढे थांबे, मान हलवी, पुढे जाई. कोणाला खोकल्याची उबळ, कोणी टोपी तोंडावर ओढलेली. वाऱ्यात धूळ फार होती.

अठरा जण झाले. तांबडी उभी! मी पुढे होऊन दोर धरला! चेअरमन म्हणतात, "आजी, ही तर लाथा मारते ना?" म्हटलं, "काय करणार, माझं नशीबच खोटं!"

घरी येऊन रीतीप्रमाणे देवांसाठी चारी दिशांना दूध उडवलं. बत्तीस वर्षांनी आमच्या दारात आमची सांडणी! आता पोरींनी खुशाल यावं. चहा दोनदा उतू गेला, जाऊ दे!

२१ सप्टेंबर
सकाळी खंदा चहाला आली. वाडगा तोंडाला लावला आणि हसता हसता ठसका लागला तिला. म्हणाली, "अगं वेडे, चिठ्ठ्यांच्या आधीच आमचं सगळ्यांचं ठरलं होतं, दुल्माच्या तांबडीला कोणी हात लावायचा नाही. तू खोटं बोलायला लागलीस आणि आमचीच पंचाईत झाली. हसू आवरेना! काल चेअरमननी तर ओठ चावून धरले होते."

आणि म्हणे, जो तो आपापला!