पाय बांधायचं सोपट

बुऱ्हाणपूर, मंगळवार, दिवेलागणीनंतर

दाखला मिळाला एकदाचा! आमचं शाळाखातं नागपूरहून भोपाळला गेल्यापासून सगळ्या शिक्षिकांकडे तंदुरुस्तीचा दाखला मागताहेत, आणि मी दोन महिने टाळत होते. का? तर पायांमुळे. पाठ टेकली की पोटऱ्यांत मुंग्या चालल्यासारखं होतं, झोपेत पाय झटकतात. ह्यांना लाथा बसायला लागल्या, तसं मीच ह्यांचं अंथरूण ओसरीवर घातलं आणि फुलवाल्याकडून केळीचं सोपट, हार बांधायची ती वाळकी साल, आणून रोज पाय बांधून निजू लागले. वडिलांचेही पाय आधी असेच झटकायचे, मग लकव्यानं ते उठलेच नाहीत. निदान मी तरी तसंच धरून बसले होते.

आज डॉक्टरांनी घोट्यांवरचे वळ पाहिले. सोपटाचं सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "बाई, घबरायचं काम नाही. हा लकवा नाही. रक्त कमी आहे तुमचं. लोहाच्या गोळ्या घ्या, जेवणावर लगेच चहा नको. त्रास वर्षानुवर्षं येत-जात राहील, पण पाय जाणार नाहीत. आणि बांधायचे तर मुळीच नाहीत."

पाय जाणार नाहीत! इतवाऱ्यातल्या दवाखान्यातून घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

सोपट कारल्याच्या वेलाला बांधून टाकलं. ह्यांनी अंथरूण आत आणलं. "लाथा बसतील," म्हटलं. "बसू दे," म्हणाले, "ओसरीवर मच्छर फार."

आत्ताच पोटऱ्यांत मुंग्या सुरू झाल्यात. चालू देत. हे वडिलांचे पाय नाहीत, माझे आहेत.