उभं राहून की चिठ्ठीने

मंगाफ, कुवेत
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? इथे हवा सुधारली आहे, दुपारीही गॅलरीत बसता येतं. जुईलीला गणितात चांगले मार्क पडले. माझ्या प्लांटमधला निखिल शुक्रवारी नाशिकला येतोय, त्याच्या हाती खजूर आणि हे पत्र देतो. खजूर आईंसाठी आणि पत्र फक्त तुमच्यासाठी.

मुख्य बातमी लीनाने फोनवर दिलीच असेल. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आमच्या गटाची उमेदवार या वेळी ती आहे. मुख्य निवडणूक जानेवारीत, दुसऱ्या गटाशी. पण खरी चुरस गटातच होती. समोर पुन्हा विजयकुमार सर होते, शुऐबाच्या प्लांटमधले माझे साहेब.

आमची जुनी पद्धत तुम्हाला माहीत नसेल. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला बनेद अल-गारच्या हॉलमध्ये गटातले सगळे जमायचे. एकाच्या बाजूचे खिडकीपाशी आणि दुसऱ्याच्या बाजूचे स्टेजपाशी उभे राहायचे. अर्धा तास एकमेकांना ओढायचं, पटवायचं, चिडवायचं, मग डोकी मोजायची. मजा यायची, खोटं कशाला बोलू! चहा घेता घेता माणसं खरोखर मत बदलायची.

दोन वर्षांपूर्वी लीना अशीच हरली. तेव्हा तुम्ही फोनवर विचारलं होतंत, "तू होतास ना तिच्याबरोबर?" मी म्हणालो, "होतो ना, हॉलमध्येच होतो."

अण्णा, मी हॉलमध्ये होतो, पण खिडकीपाशी, सरांच्या बाजूला. आधी कप हातात घेऊन मधेच घुटमळत होतो. सर हसत म्हणाले, "शशिकांत, बायकोला घरी रोज बघतोस. इकडे ये." आणि मी गेलो. बढतीची यादी त्यांच्या टेबलावर होती. लीना स्टेजपाशी उभी राहून बघत होती. गाडीत तिने जुईलीला गृहपाठाचं विचारलं, मला काहीच विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षांत एकदाही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

या सप्टेंबरात तिने गटाच्या बैठकीत मांडलं की उमेदवार चिठ्ठीने निवडायचा. पेटी गुरुवार संध्याकाळपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठेवायची, ज्याला जमेल तेव्हा त्याने यावं. सर उसळले. "पाठिंबा असेल तर माणसाने उभं राहून दाखवावा. घडी घातलेल्या कागदाशी चर्चा कशी करणार?"

लीना शांतपणे म्हणाली, "चर्चा आधी आठवडाभर करू की. पण शुक्रवारी अकराला जो शिफ्टवर आहे, तो कुठे उभा राहणार? आणि साहेब बघत असताना उभं राहणं सगळ्यांनाच जमत नाही, सर. त्यांचं मतही मोजायला हवं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ठराव मंजूर झाला.

परवाच्या शुक्रवारी मी मत द्यायला गेलो. पेटीपाशी रत्नागिरीच्या शरीफाताई बसल्या होत्या. निवडणुकीचं काम त्यांच्याकडे होतं. दोन्ही उमेदवार बाजूच्या खुर्च्यांवर. मी चिठ्ठीवर लीनाचं नाव लिहिलं. घडी घालून पेटीत टाकली की काम झालं असतं. पण माझ्याने राहवलं नाही. चिठ्ठी सरांसमोर धरली आणि मोठ्याने म्हणालो, "सर, माझं मत लीनाला."

मग शरीफाताई म्हणाल्या, "शाबास, भाऊजी! पण मत बाद. दाखवलेली चिठ्ठी चालत नाही."

"मग दुसरी द्या."

"एका माणसाला एकच. नियम तुमच्या बायकोनेच लिहिलाय, जा तिच्याशी भांडा!"

सगळे हसले, सरसुद्धा. मला मात्र घाम फुटला. आता ही एका मताने हरली तर? संध्याकाळपर्यंत मी पाच कप चहा प्यायलो. अखेर निकाल लागला. लीना दोन मतांनी जिंकली. शिफ्टवाल्यांची मतं तिला तारून गेली.

गाडीत जुईली म्हणाली, "बाबा, यू वेअर सो एम्बॅरसिंग." लीना इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग म्हणाली, "मूर्खा, तुला लपून मत देता यावं म्हणून एवढा खटाटोप केला मी."

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारचं मग आम्ही पहिल्यांदाच बोललो, अगदी घर येईपर्यंत. पार्किंगमध्येही पंधरा मिनिटं बसलो. जुईली कंटाळून वर निघून गेली.

रविवारी प्लांटमध्ये सर कामापुरतं बोलले. बढतीचं काय होईल, सांगता येत नाही. झोप मात्र चांगली लागते आहे.

तुमच्याशी खोटं बोललो होतो, म्हणून हे लिहिलं. रागवायचं असेल तर फोन करा, मीच उचलेन. जानेवारीतही चिठ्ठीच आहे. त्या वेळी नीट घडी घालून टाकेन, आता कुणाला दाखवायचं राहिलेलं नाही.

तुमच्या लेकीच्या बाजूचा,
शशिकांत