परत फिरलेल्याची पाटी

ग्लेन आर्डाख,
४ फेब्रुवारी १९५२

चि. लॅक्लनभावजींस, इशबेलवहिनीचे अ. आ. इकडे थंडी आहे आणि मी आहे, दोघी ठीक.

तुम्ही ग्लासगोहून पाठवलेलं पुस्तक वाचलं. वाचनालयातली कमांडोंवरची पुस्तकं तर केव्हाच संपली. तिथल्या बाई म्हणतात, इशबेल, आता तू लढायलाच जा. सगळे लेखक एकच वाद घालतात, की श्रेष्ठ तुकडी कोणती: तुमची वाळवंटातली ट्रकवाली, का आमच्या यांची होडीवाली. कुणी विमानं किती जाळली, कुणी जहाजं किती बुडवली. तुमच्या लोकांच्या दाढ्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. ते वाचून पुष्कळ दिवसांनी हसले.

मी मात्र प्रत्येक पुस्तकात एकच गोष्ट शोधते. मागे राहिलेल्याला आणायला परत कोण जायचं? तुमचे ट्रक परत फिरायचे, हे दोन ठिकाणी सापडलं. होडीवाल्यांबद्दल कुणीच लिहीत नाही. यांच्या साहेबांनी त्रेचाळीस साली एवढंच कळवलं, की टॉर्किल मॅकफी नॉर्वेच्या किनाऱ्यावरून परतला नाही. शेवटी ते एकटे होते का, हे मला कळायला हवं. शौर्य तुम्ही पुरुषांनी वाटून घ्या.

आणखी एक. किल्ल्याच्या रस्त्याकडेला युद्धात सैन्यानं शिकवणीसाठी केलेल्या नकली कबरी रस्ता रुंद करायला आमचे जमीनदार एप्रिलमध्ये सपाट करणार आहेत. त्यांतली एक मी इतकी वर्षं यांची मानत आले. फुलं तिथंच ठेवते. तिच्या पाटीवर लिहिलंय, ‘हा माणूस परत फिरला.’ तुम्ही दोघे भाऊ तिथंच शिकलात, म्हणून सांगितलं.

माया आहे तशी राहू द्या.
इशबेलवहिनी

ग्लासगो,
१५ फेब्रुवारी

ती. वहिनींस, लॅक्लनचा सा. न. वि. वि.

दाढ्यांना हसू नका. वाळवंटात दाढीला पाणी देण्यापेक्षा रेडिएटरला दिलेलं बरं. होडीवाल्यांना समुद्रभर पाणी आणि गुळगुळीत गाल. हा वाद मी दादाशी पुरेसा घातला आहे. तो म्हणायचा, लॅकी, तुम्ही मोटारीतून सहलीला जाता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच टाळत आलो. होडी दोघांची. निघण्याआधीच सांगितलेलं असे, की ज्याला चालता येत नाही तो राहिला आणि त्याच्यासाठी कुणी परत फिरायचं नाही. आमच्याकडे जागा होती, म्हणून माणुसकी परवडायची. त्यांना वाईट म्हणू नका.

दादाच्या होडीतला जोडीदार एनॉक टूटिल हल बंदरात असतो. एवढ्या वर्षांत त्याला विचारायचा धीर मला झाला नाही. आता जातो.

त्या कबरी चांगल्या आठवतात. पहिल्याच दिवशी आम्हाला त्या ओळीपुढून चालवत नेलं. प्रत्येक पाटीवर जिवावर बेतणारी एकेक चूक: ‘हा डोंगरमाथ्यावर उभा राहिला.’ ‘यानं बंदूक पुसली नाही.’ खाली कुणी नाही, नवशिक्यांना धाक बसावा म्हणून नुसते मातीचे ढीग, हे माहीत असूनही दादानं टोपी काढली. त्याबद्दल त्याला पाठीवर धोंडे घेऊन डोंगर चढायला लावलं. पण वहिनी, तुम्ही म्हणता ती पाटी तिथं नव्हती. आम्हाला सगळ्या पाठ म्हणून दाखवाव्या लागत.

लोभ वाढता असावा.
लॅक्लन

ग्लेन आर्डाख,
२१ फेब्रुवारी

चि. लॅक्लनभावजींस अ. आ.

तुमचं पत्र वाचून लगेच तिकडे गेले. बाकीच्या पाट्यांचा रंग उडालाय, अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात. हिची दुरूनही वाचता येतात. सगळ्या ढिगांवर हिम होतं, हिच्यावर नव्हतं. आमचे धर्मगुरू म्हणाले, मॅकफीबाई, खाली झरा असेल. असेलही. मी हातमोजा काढून हात ठेवला, तर नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी ऊब लागली.

मी भुतंखेतं मानत नाही, हे तुम्ही जाणता. एनॉक जे सांगेल ते जसंच्या तसं लिहा. माझ्यासाठी त्यात साखर घालू नका.

इशबेलवहिनीची आठवण ठेवा.

हल,
९ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

एनॉकच्या स्वयंपाकघरातच बसून लिहितो आहे. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, टॉर्किलचा भाऊ ना, उशीर केलास, ये.

काम फत्ते करून ते दोघे होडीपाशी पोचले होते. खडकांत मागे दुसऱ्या होडीनं आलेला त्यांचा बिनतारी संदेशवाला पडला होता, हॅरिस बेटावरचा मर्डो. पायात गोळी. तो हाका मारत होता, आईला मारावी तशी आपल्या गेलिक भाषेत. एनॉकला त्यातलं काही कळेना. दादाला सगळं कळत होतं. त्यानं एनॉकला होडीत बसवलं, पायानं होडी लोटली आणि म्हणाला, तू इंग्रज, तुला काय समजतंय, तू जा. मग तो परत फिरला.

एनॉक म्हणतो, पाणी शांत होतं, आवाज लांबवर येत होता. हाका थांबल्या. मग दोन माणसं नुसती गप्पा मारत होती, गावात भिंतीला टेकून माराव्यात तशा. एकदा दोघे हसले. त्यानंतर गोळ्यांचे आवाज आले. एनॉकला अजून वाटतं, काय बोलत होते ते कुणी सांगावं.

साखर घातलेली नाही. दादानं नियम मोडला. कुठली तुकडी श्रेष्ठ, हे मला आता सांगता येणार नाही.

पाटी आपण केली नाही, असं एनॉक शपथेवर सांगतो. बेचाळीसनंतर तो तिकडे फिरकलेलाच नाही.

कृपा असू द्यावी.
लॅक्लन

ग्लेन आर्डाख,
२० एप्रिल

चि. लॅक्लनभावजींस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं, घरात ऐकायला कुणी नसताना. मग खूप झोपले.

काल ढीग काढले. इतरांखाली अखंड जुनी हिरवळ निघाली. सैन्यानं नुसती माती ओतली होती. हिच्याखाली मात्र खड्डा निघाला, पुरुषभर खोल, कडा सरळ, डोकं पश्चिमेला, आपल्याकडे खणतात तसाच. रिकामा. आमच्या कबरी खणणारा म्हातारा हेक्टर कुदळ टाकून बसला. जमीनदार म्हणाले, दगड भरून टाका. हेक्टर म्हणाला, साहेब, या खोऱ्यात उघडलेली कबर रिकामी बुजवत नाहीत, ती मग आपणहून माणूस मागते. जमीनदार इथलेच, त्यांनाही हे ठाऊक. रस्ता वळवून नेणार आहेत.

मी शिडी लावून आत उतरले. आधी वाटलं, ही माझी. पण हेक्टरनं माप घेतलं आणि म्हणाला, इशबेल, ही दोघांची आहे, इतकी रुंद मी जन्मात खणली नाही.

तेव्हा मला मर्डोची आई आठवली. तिलाही माझ्यासारखंच एका वाक्याचं पत्र आलं असणार. मी हॅरिसला लिहिलं, की तुमच्या मुलाच्या हाकेला माणूस आला होता, तो एकटा नव्हता. ती मे महिन्यात येते आहे. आत काय ठेवायचं, ते आम्ही दोघी ठरवू.

तोवर खड्डा उघडाच आहे. आठवडाभर पाऊस चाललाय, भावजी, पण आत पाणी साचत नाही.

तुम्हीही या. तुमचा जीव माझ्यावर आहेच, तो तसाच असू द्या.

इशबेलवहिनी