नकाशावरची चप्पल

५ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. मी बरी आहे.

तुमचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं पाणी भरलं, केर काढला, कुंड्यांना पाणी घातलं. कपडे वाळत घालून मागे सरले, तर दोरीवर दोन टॉवेल. तुमच्या दादांचा टॉवेल मी अजून माझ्याबरोबर धुते. कोणी वापरत नाही, पण धूळ बसतेच. असो.

खोली रंगवून ठेवली आहे, आता कायमच्याच या, त्या परक्या गावात तुमचं कोण उरलंय, असं तुम्ही लिहिलंत. खाली भावजींच्याही दोन ओळी होत्या. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहायचं तेच ठरत नव्हतं. आधी त्या दिवशी शाळेत काय झालं ते सांगते.

मी दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते, हे तुम्हाला माहीत आहे. दादा गेल्यावर शेजारच्या बाईंनी मला ओढूनच तिथं नेलं. त्या त्याच वर्गाला शिकवतात. जन्मात शाळेची पायरी न चढलेली बायको आता वर्गात खुर्चीवर बसते हे बघून दादा पोट धरून हसले असते.

त्या दिवशी बाईंनी बाकं भिंतीला लावली आणि फरशीवर खडूनं मोठा नकाशा काढला. डोंगर, समुद्र, मधोमध शाळा. ज्याचं कुटुंब जिथून आलं, तिथं त्यानं एक बूट ठेवायचा. आपण किती लांबलांबून येऊन एका वर्गात बसतो, हे मुलांना दिसावं म्हणून. कल्पना चांगली होती, पण चाळीसेक बूट निघाल्यावर असा वास सुटला की आधी खिडक्या उघडाव्या लागल्या.

एक बारीक आवाजाची मुलगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. तिनं बूट नेऊन थेट शाळेवर ठेवला.

"ए, तू इथली नाहीस," एक मुलगा म्हणाला. "तुझी आई वेगळंच बोलते."

"आई तिकडची. मी इथली."

"असं कुठं असतं का?"

"मी तिकडं गेलेच नाही कधी. तिथं कशाला ठेवू? हरवला तर?"

बाई हसल्या. "अगं, मूळ गाव विचारलंय," म्हणत त्यांनीच तो बूट उचलून समुद्रापलीकडे ठेवला. चिमणी वाद घालत बसली नाही. तिनं पायातला दुसरा बूट काढला, शाळेवर ठेवला आणि मोज्यांवर उभी राहिली.

मग वर्गाचा मोर्चा माझ्याकडे वळला. "गोष्टीच्या आजी, तुमची चप्पल!"

मी ती तुमच्या गावावर ठेवली. विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. आता माझी माणसं तिथंच, असं सगळे म्हणतात.

"तिथं कोण असतं?" चिमणीनं विचारलं.

"माझी नणंद. ती बोलावतेय. कायमचं."

"जाणार?"

"बहुतेक."

"आणि आपली गोष्ट? अर्धीच झालीय."

"बाई वाचतील की."

"बाईंना राक्षसाचा आवाज जमत नाही," ती कुजबुजली.

"ऐकलं हं मी," बाई म्हणाल्या, आणि अख्खा वर्ग हसला.

तेवढ्यात घंटा झाली. मुलांनी हाताला लागेल तो बूट उचलला, अदलाबदल झाली, भांडणं झाली, नकाशा पुसला गेला. डोंगर कुठला, समुद्र कुठला, काही कळेना. माझी चप्पल तेवढी तिथंच राहिली. गुडघ्यांमुळे मला पटकन वाकता येत नाही. चिमणीनं ती आणली, माझ्या पायापुढे सरळ करून ठेवली आणि म्हणाली, "घाला, फरशी गार आहे."

ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "तिचा बूट मी हलवायला नको होता."

"मग तिलाच सांगा तसं," मी म्हटलं.

घरी येताना बाजाराच्या रस्त्यानं आले. त्या रस्त्यावर दादा मला दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचे. अक्षर अडलं तरी सांगायचे नाहीत. "तूच लाव," म्हणायचे, आणि माझं जुळेपर्यंत पिशवी घेऊन उन्हात उभे राहायचे. लोक बघायचे, मला लाज वाटायची. मी वाचायला शिकले ती अशी. आता तिथून जाताना पाट्या मी वाचत नाही, त्या आपोआप वाचल्या जातात.

वन्सं, तुमची खोली छान असेल. तुम्ही ती किती मायेनं रंगवली असेल, ते मला कळतं. पण त्या खोलीत दादा कधी वावरले नाहीत. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. तुमचाही भाऊ गेलाय.

रागावू नका. सुट्टीत येईन, चांगली महिनाभर राहीन, भावजींचे तेच तेच विनोद ऐकेन. पण कायमची नाही. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि पुढच्या वर्षीचाही गोष्टींचा तास मागून घेतला.

तुमचीच,
वहिनी