यादीत चौथं नाव माझं

दादा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता कुठं मला तुमचा, माझ्या सख्ख्या बापाचा, संशय आला. जर्मनीतल्या एका दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागलीय. लागलीय म्हणजे, अंगावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला दिला तर. मी बिनधास्त ठाण्यात गेलो. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. हवालदारानं नाव-गाव विचारलं आणि मी त्याची कोंबडी पळवल्यासारखा माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, दुष्काळाच्या साली चौसाळ्याजवळ हायवे अडवला होता, त्यात तुम्ही होता. अहो, त्या वर्षी मी पुण्यात शिकत होतो, म्हटलं. त्यानं जुन्या फायलीतून एक पिवळा कागद काढला. आंदोलकांची यादी, गावानंच लिहून दिलेली. चौथं नाव माझं, आणि अक्षर तुमचं. दूध संस्थेच्या फळ्यावर रोज बघितलेलं ते उजवीकडं कललेलं अक्षर मी कुठंही ओळखीन. तुमचं नाव मात्र यादीत कुठंच नव्हतं. मी दोनदा बघितलं.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आलो होतो ते आठवतं. जनावरं छावणीत, संस्थेत कॅन पालथे पडलेले, आणि तुम्ही तरी रोज धुतलेला सदरा घालून काट्यापाशी बसताय. गावाचा टँकर संस्थेच्या चेअरमनच्या मोसंबीत रिकामा होतो हे शेंबडं पोरगंही सांगत होतं. मी ते तिथंच मोठ्यानं बोललो, तर तुम्ही दंडाला धरून मला बाहेर काढलंत. त्याच चेअरमनच्या हाताखाली तुमची नोकरी. मला तुमची लाज वाटली होती, दादा.

आईला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. आधी म्हणाली, मला काय म्हाईत. मला वाटलं, हीपण सामील. मग सुपातून नजर न काढता बोलली, "सुट्टी संपवून तू पुण्याला गेलता. पोलिसाला घावणार न्हाईस म्हणून तुजं नाव टाकलं. समद्यांनीच बाहेरगावच्या पोरांची नावं दिलती. रस्त्यावर पयले तुजे दादाच बसलते, तोंडाला टॉवेल बांधून, चेअरमनच्या गाडीम्होरं."

तुम्ही बसला होता? तोंडावर टॉवेल बांधून, चेअरमनच्या गाडीपुढं? मला राग आला, लई राग आला, आणि त्या रागातच ऊर अभिमानानं भरून आला. निदान तुम्ही मला तेवढं तरी सांगायचं होतं.

दाखला मिळालाय, एकदम स्वच्छ. परवा निघायचंय. तो कसा मिळाला हे आईला सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही तिच्या हाती लागायच्या आत फाडीन. हवालदारानं यादी दाखवली त्याच दिवशी जबाब मागितला होता. मी लिहून दिलं की स्वतःला वाचवायला वडिलांनी माझं नाव घातलं. आईला विचारलं ते दुसऱ्या दिवशी. आणि खरं सांगू का, दादा, यादीतलं अक्षर दुसऱ्या कुणाचं असतं तरी मी तुमचंच नाव सांगितलं असतं. मेलेल्या माणसाला कुणी ठाण्यात बोलवत नाही.